जो गुळाने मरतो, त्याला विष कशाला?

सर्वप्रथम एक कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे या लेखातले अर्धे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूममेटने सुधारले आहेत. उरलेल्या चुका माझ्या, सांभाळून घ्या. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी "काहीतरी दे" म्हणून संपादक मंडळ मागे लागलं होतं. पाऊस, मैत्री आणि कट्टा यांवरच्या कविता भरपूर आल्यात असं कळलं. म्हणून मी अळीवर लिहायचं ठरवलं.

शाळेतल्या पुस्तकात 'कॅटरपिलर' असायचा. हिरवा, गोल डोळ्यांचा, हसरा. पानं खायचा आणि शेवटच्या चित्रात फुलपाखरू व्हायचा. आमच्या कडेगावच्या रानात तिला अळी म्हणतात आणि ती हसत नाही. ती हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून बसते, अर्धं अंग बाहेर, आणि आतला दाणा संपला की पुढच्या घाट्याकडे निघते.

एका फवारणीची गोष्ट

कडेगाव म्हटलं की लोकांना मोहरमचे उंच ताबूत आठवतात. शेतीच्या बाबतीत मात्र ताकारी आणि टेंभू योजनांचं पाणी फिरल्यापासून आमच्या भागात जिकडे बघाल तिकडे ऊस. तरीही आमचे आबा (म्हणजे आजोबा) दर रब्बीला अर्धा एकर हरभरा करतातच. ऊस कारखान्याचा, पण हरभरा घरचा, असं त्यांचं म्हणणं. आजी कोवळा पाला खुडून भाजी करते. थोडा पाला वाळवूनही ठेवते. पुढे घाटे भरले की बांधावर बसून सोलाणा खायचा. हे सगळं त्याच अर्ध्या एकरात.

तीन वर्षांपूर्वी घाटे अळी जोरात आली. काकांनी दुकानातून औषध आणलं (आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात!) आणि उन्हात, तोंडाला काही न बांधता, सात पंप मारले. संध्याकाळी त्यांना चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या. रात्र दवाखान्यात गेली. देवाच्या दयेने सकाळी बरे झाले. पण सगळ्यांचंच असं होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं आहे. आमच्या घरी त्या रात्रीनंतर आबांनी एकच वाक्य सांगितलं, "हरभऱ्याला आता इख मारायचं न्हाई. गेला तर जाऊ द्या."

मी घरातली 'इंजिनिअर' (तेव्हा नुकती फर्स्ट इयरला होते, तरी!). शोधाशोध केली आणि काकांना सांगितलं की अळीला रोग पाडणारा एक विषाणू बाटलीत मिळतो, माणसाला काही करत नाही, तो आणा. पुढच्या हंगामात काकांनी तो आणला. बाटली गाडीच्या डिकीत घालून सकाळी अकराला रानात गेले आणि साध्या पाण्यातून फवारला. तिसऱ्या दिवशी बघितलं तर अळ्या टुमटुमीत. काका म्हणाले, "ह्ये औषध न्हवं, निस्तं पाणी हाय." दुकानदारापेक्षा जास्त बोलणी मलाच बसली. त्या वर्षी आजीने भाजी केली, पण हरभरा घरी फारसा आला नाही.

विषाणू खोटा होता का? नव्हता. मग बिनसलं कुठे? हे शोधायला मला एक वर्ष लागलं.

अळी एक, नावं अनेक

हिचं शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभऱ्यावर ती घाटे अळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी आणि कपाशीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी. दीडशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर ती जगते. मादी पतंग शेकडो अंडी घालते, तीही एका जागी ढीग न करता एकेक करून, सगळ्या रानभर.

दुसरी गोष्ट म्हणजे ती औषधांना दाद देईनाशी होते. १९८७ च्या सुमारास आंध्र प्रदेशातल्या कपाशीवर या अळीचा मोठा उद्रेक झाला, आणि तोपर्यंत हुकमी समजली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं तिच्यावर चालेनाशी झाल्याचं लक्षात आलं. शेतकरी फवारणीमागून फवारणी करत राहिले, कर्ज वाढत गेलं आणि अळी राहिली.

विष अंगाला लागतं, विषाणू पोटात जावा लागतो

मित्रांनो, सगळ्या लेखातला मुद्दा हाच आहे, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

बरीचशी रासायनिक कीटकनाशकं अळीच्या अंगावर पडली तरी काम करतात. अळीने काही करायची गरज नसते. विषाणूचं तसं नाही. या विषाणूचं नाव न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस व्हायरस, थोडक्यात एनपीव्ही. घाटे अळीवरच्या प्रकाराला एचएएनपीव्ही म्हणतात. हा विषाणू प्रथिनाच्या एका कडक स्फटिकात बंद असतो. एका स्फटिकात बरेच विषाणू, डाळिंबात दाणे असावेत तसे. स्फटिकाचा आकार साधारण एक-दोन मायक्रॉन. तो अळीच्या अंगावर कितीही पडला तरी तिला काही होत नाही.

तो पानाबरोबर पोटात गेला की मात्र खेळ सुरू होतो. आपल्या जठरात आम्ल असतं. अळीच्या आतड्यात उलट, पीएच दहाच्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखं. त्या अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो, विषाणू मोकळे होतात, आतड्याच्या पेशींत शिरतात आणि तिथून सगळ्या शरीरात पसरतात. पाच-सात दिवसांत अळी मरते. मरण्याआधी ती बऱ्याचदा झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांवर उलटी लटकते. कातडी फुटली की आतला पांढुरका द्राव खालच्या पानांवर पडतो. त्यात कोट्यवधी नवे स्फटिक असतात, पुढच्या अळीसाठी तयार.

हा विषाणू माणसाला, जनावराला, पक्ष्याला, मधमाशीला काहीही करत नाही. तो इतका निवडक आहे की घाटे अळीचा वेगळा, तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीचा वेगळा. रेशमाच्या किड्यांना होणारा 'ग्रासरी' रोग याच कुळातल्या एका विषाणूमुळे होतो. म्हणजे रेशीमवाल्यांचा शत्रू आणि हरभरावाल्यांचा मित्र हे एकाच घराण्यातले!

तीन आकड्यांचा गुणाकार

आता आपल्या भाषेत बोलू. अळीच्या पोटात किती विषाणू जाईल? सोपं आहे:

पोटात गेलेला डोस = अळीने खाल्लेलं पान × दर चौरस सेंटीमीटर पानावरचे स्फटिक × त्यातले जिवंत किती.

हा गुणाकार आहे, बेरीज नाही. सिरीज सर्किटसारखा. एक स्विच उघडा असला की बाकीचे दोन कितीही चांगले असोत, दिवा लागत नाही.

मधला आकडा बघा. विषाणूचं प्रमाण 'एलई' या एककात मोजतात. एक एलई म्हणजे ६०० कोटी स्फटिक. पूर्ण वाढलेल्या एका रोगट अळीतून साधारण एवढे मिळतात, असं धरून हे एकक ठरवलं आहे. हेक्टरी २५० एलई फवारले तर दीड लाख कोटी स्फटिक होतात. एका हेक्टरमध्ये दहा कोटी चौरस सेंटीमीटर. भागाकार करा. जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरमागे १५,००० स्फटिक! म्हणजे संख्येची काही कमतरता नाही.

तिसऱ्या आकड्याचा शत्रू सूर्य. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा विषाणू फार लवकर निकामी होतो, उघड्या पानावर काही तासांपासून एखाद-दोन दिवसांतच. म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. काकांनी सकाळी अकराला केली होती, आणि बाटली त्याआधी डिकीत तापली होती. एक स्विच तिथेच उघडा.

आणि पहिला आकडा? अळीने खाल्लेलं पान? याचा विचार आमच्या घरात कोणीच केला नव्हता. अंड्यातून निघालेली बारीक अळी आधी कोवळी पानं, कळ्या, फुलं कुरतडते. थोडी मोठी झाली की घाट्याला भोक पाडून आत तोंड घालते. फवारा बाहेर पडलाय, आणि ती जेवतेय आतलं. शिवाय वय वाढेल तसा तिला मारायला लागणारा डोसही कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे अळी लहान असताना आणि बाहेर असताना, त्या मोजक्या दिवसांत तिने फवारलेलं पान भरपूर खाल्लं पाहिजे.

ब्राझीलचं उदाहरण बघा. तिथे सोयाबीनवरच्या एका अळीसाठी असाच विषाणू सरकारी संशोधन संस्थेने, एम्ब्रापाने, शेतकऱ्यांपर्यंत नेला. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तो सुमारे २० लाख हेक्टरवर वापरला जात होता. पण ती अळी उघड्यावर बसून पानंच खाते. आपली घाटे अळी पोखरणारी आहे. हिला जेवायला बोलवावं लागतं.

मेसमधलं लोणचं

होस्टेलवाल्यांना हे सांगायला नको. मेसमध्ये दुधी असला की आपण काय करतो? लोणच्याची बाटली काढतो. दुधी तोच असतो, पण लोणच्याबरोबर दोन पोळ्या जास्त जातात. लहानपणी आई कडू गोळी मधात चुरून द्यायची, तेही हेच. शास्त्रात अशा पदार्थांना 'भक्षण-उद्दीपक' म्हणतात. शब्द जड आहे, मी आपलं 'भूक लावणारा पदार्थ' म्हणते.

अळीच्या तोंडाजवळ बारीक खुंट्यांसारखे अवयव असतात आणि त्यांत चव ओळखणाऱ्या पेशी असतात. साखर लागली की त्यातल्या काही पेशी जागच्या जागी संदेश पाठवतात: चांगलं आहे, खात राहा. पान कुरतडून पुढे जाणारी अळी मग तिथेच थांबते आणि जास्त खाते. तिने दुप्पट खाल्लं तर विषाणूचा एकही थेंब न वाढवता डोस दुप्पट झाला. इंजिनिअरिंगमध्ये याला फुकटातला गेन म्हणतील.

अमेरिकेत हा विचार १९७० च्या दशकात कपाशीवर झाला. याच कुळातल्या बोंडअळ्यांसाठी 'एल्कार' नावाचं विषाणूजन्य कीटकनाशक तिथे १९७५ साली नोंदणीकृत झालं. त्याचे निकाल कधी चांगले, कधी यथातथा यायचे. मग संशोधकांनी त्यात भूक लावणारे पदार्थ मिसळून बघितले. 'कोॲक्स' नावाचं एक तयार मिश्रणही निघालं. त्यात काय होतं माहीत आहे? सरकीचं पीठ, सरकीचं तेल, साखर आणि मिश्रण नीट व्हावं म्हणून थोडं साबणासारखं द्रव्य. हे वाचून मी हसतच सुटले. सरकी तर आमच्याकडे म्हशीला घालतात! अमेरिकेतल्या अळीचं आणि आमच्या गोठ्यातल्या म्हशीचं खाणं एकच निघालं. पुढे स्वस्त पायरेथ्रॉइड बाजारात आली आणि एल्कार मागे पडलं. त्याच पायरेथ्रॉइडचं नंतर काय झालं ते वर सांगितलंच आहे.

आपल्या देशात यावर महत्त्वाचं काम कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात झालं. तिथल्या रवींद्र आणि जयराज या शास्त्रज्ञांनी हरभऱ्यावर विषाणूबरोबर वेगवेगळे पदार्थ मिसळून प्रयोग केले, ते १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्यातून आणि अशाच इतर प्रयोगांतून आपल्याकडे जो पदार्थ रुळला तो म्हणजे गूळ! कच्ची साखर, काकवी, सरकीचा अर्क यांनीही काम होतं, पण गूळ घरात असतो. प्रमाण साधारण अर्धा टक्का. म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम.

सांगली-कोल्हापूरच्या माणसाला गूळ कुठून आणायचा हे शिकवायला नको. लेखाचं शीर्षक म्हणून दिलेली म्हण आजी नेहमी म्हणते. तिचा अर्थ खरा वेगळा आहे, गोड बोलून काम होत असेल तर कठोर कशाला व्हा. पण इथे ती अक्षरशः लागू पडते.

आंब आणि राणीपाल

हरभऱ्याची एक खोडही मला या निमित्ताने कळली. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट द्राव पाझरतो, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. आजी थंडीत रात्री स्वच्छ धोतर हरभऱ्यावर पसरून ठेवते आणि पहाटे दवाने भिजलेलं ते पिळून बाटलीत भरते. हीच आंब. घरात कोणाचं पोट दुखलं की ती पाण्यातून दोन थेंब देते.

विषाणू हरभऱ्यावर इतर पिकांपेक्षा लवकर निकामी होतो, हे संशोधकांना जाणवत होतं. मला वाटलं, आंबच कारण असणार. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगळंच निघालं. दोष आम्लांचा नाही, तर पानावरच्या आयसोफ्लॅव्होनॉइड नावाच्या रसायनांचा. पानावर तासभर राहिला तरी विषाणूची ताकद कमी होते. कपाशीवर याहून तिसराच प्रकार, तिथे पानावरचे क्षार त्रास देतात. म्हणजे हरभऱ्यावर अळीने नुसतं जास्त नाही, तर लवकरही खायला हवं. गुळाचं महत्त्व इथे आणखी वाढतं.

आणखी एक गंमत. महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांच्या हरभऱ्यावरच्या शिफारशींत विषाणूच्या द्रावणात राणीपाल टाका असं वाचायला मिळतं. हो, पांढऱ्या कपड्यांना घालायचा तोच राणीपाल! तो अतिनील किरण शोषून घेतो, म्हणजे विषाणूची छत्रीच. पण या जातीची काही चकाकी आणणारी द्रव्यं आणखी एक काम करतात. अळीच्या आतड्याला आतून एक पातळ पडदा असतो. तो विषाणूला अडवतो. ही द्रव्यं त्या पडद्यातल्या कायटिनला चिकटून तो विरळ करतात आणि विषाणूला वाट मिळते. म्हणजे गूळ अळीला जेवायला बसवतो आणि राणीपाल आतला दरवाजा किलकिला करतो.

पी.एल. मधला प्रयोग

गेल्या डिसेंबरमध्ये पी.एल. ला घरी गेले. अभ्यास करायचा होता... असो. रानातून दहा बारक्या अळ्या आणल्या आणि होस्टेलवरून नेलेल्या फराळाच्या रिकाम्या डब्यात पाल्यासकट ठेवल्या. दोन दिवसांनी मोजल्या तर सहाच! झाकण घट्ट होतं. मला वाटलं चिमणीने... पण चिमणी डब्यात कशी जाईल? आबा हसून म्हणाले, "आगं, त्या एकमेकीला खात्यात." खरंच. ही अळी स्वजातीयांना खाते. म्हणूनच विषाणू तयार करणाऱ्या प्रयोगशाळांत अळ्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेमध्ये एकेकटी वाढवतात. मी मग आजीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या गोळा केल्या. एका डबीत एक अळी.

अर्ध्या डब्यांत विषाणूच्या साध्या द्रावणात बुडवलेला पाला, अर्ध्यांत गूळ घातलेल्या द्रावणात. दुसऱ्या दिवशी फरक डोळ्यांना दिसत होता. गुळाच्या पाल्याच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. साध्या पाल्याला कडेने भोकं होती. आठवड्याभरात दोन्हीकडच्या अळ्या मेल्या, गुळाकडच्या थोड्या आधी. मोजून बारा अळ्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं (आमच्या मॅडमनी लॅबमध्ये हे चांगलं शिकवलंय). पण आबांना दाखवायला एवढं पुरेसं होतं.

"आळीला गूळ? लाडाची हाय व्हय ती?" आबा म्हणाले. मी म्हटलं, "आबा, शेवटचं जेवण आहे तिचं, गोड करूया." त्यावर काकासुद्धा हसले. आणि खरं सांगते, ते हसले तेव्हाच माझं अर्धं काम झालं.

अर्ध्या एकराला शंभर लिटर पाणी, त्यात शंभर मिली विषाणू आणि अर्धा किलो गूळ. गूळ कोमट पाण्यात विरघळवून, थंड करून, आजीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने गाळून घेतला, नाहीतर पंपाचा नोझल बंद पडतो. बाटली पिशवीत, सावलीत ठेवली. दिवस मावळायला आल्यावर फवारणी सुरू केली. कडेच्या चार ओळींना मुद्दाम बिनगुळाचा फवारा मारला. यावेळी मी आणि काका दोघांनीही तोंडाला फडकं बांधलं होतं. विषाणूला गरज नाही, पण सवय लागलेली बरी.

तिसऱ्या दिवशी काका रानात जाऊन आले आणि गप्प बसले. अळ्या होत्याच. पाचव्या दिवशीही ते गप्प. सातव्या दिवशी सकाळी आबांनी मला हाक मारली. हरभऱ्याच्या शेंड्यांना काळपट पडलेल्या अळ्या उलट्या लटकत होत्या. गुळाच्या ओळींत जास्त दिसल्या. पण बिनगुळाच्या ओळी बांधाकडच्या होत्या, तिथे मुळातच अळी कमी असेल, म्हणून मी छातीठोकपणे सांगणार नाही. यंदा ओळी आलटून-पालटून घेणार आहे.

गुळाने सगळं गोड होत नाही

आता मर्यादाही सांगते, नाहीतर कोणीतरी घरी जाऊन प्रयोग करेल आणि माझ्यासारखी बोलणी खाईल.

एक, गूळ उशिरा मारलेल्या फवाऱ्याला वाचवू शकत नाही. ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या दिसायला लागल्या, की त्या बारीक असतानाच फवारायचं. त्यासाठी कामगंध सापळे लावून पतंग कधी वाढतात ते बघत राहायचं.

दोन, प्रत्येक प्रयोगात फायदा सारखाच दिसलेला नाही. फवारा पानांवर आधीच छान बसला असेल, अळी कोवळी असेल, तर गुळामुळे पडणारा फरक थोडा असतो.

तीन, गूळ जास्त झाला तर पानावर काळी बुरशी धरते आणि मुंगळे येतात ते वेगळेच. शिवाय गुळाचं द्रावण करून ठेवलं तर आंबतं. लागेल तेव्हाच, लागेल तेवढंच करायचं.

चार, निंबोळी अर्क. तो फार चांगला, पण त्याचं एक मुख्य काम म्हणजे अळीचं खाणं थांबवणं. आणि आपल्याला तर तिने खायला हवंय! दोन्ही एकत्र मारण्यावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत. आम्ही सरळ वेगवेगळे वापरले. आधी अंडी-पतंग दिसायला लागल्यावर निंबोळी, मग काही दिवसांनी विषाणू.

पाच, धीर. रासायनिक फवाऱ्यानंतर संध्याकाळी अळ्या खाली पडलेल्या दिसतात. इथे आठवडा वाट बघावी लागते. त्या आठवड्यात शेतकऱ्याच्या मनात काय चालतं ते मी काकांच्या गप्प बसण्यात बघितलं आहे. शेजारी विचारतो, "काय मारलं?" आणि सांगायची लाज वाटते. मला वाटतं या विषाणूला सगळ्यात मोठा अडथळा ऊन नाही, हे सात दिवस आहेत.

शेवटी

आपण इंजिनिअर लोक एखादी गोष्ट चालली नाही की लगेच "डिव्हाइस खराब आहे" म्हणतो. माझ्या घरी विषाणूला असंच खोटं ठरवलं होतं. डिव्हाइस ठीक होतं. ते पोहोचवायची पद्धत चुकली होती, आणि ज्या अळीने ते खायचं, तिला काय आवडतं हे कोणी विचारलंच नव्हतं. ती चूक दुरुस्त करायला अर्धा किलो गूळ लागला.

तुमच्यापैकी निम्म्यांची घरं शेतीची आहेत, हे मला मेसच्या रांगेतल्या गप्पांवरून माहीत आहे. सुट्टीत घरी गेलात तर एवढंच बघा: फवारणी कोण करतं, कोणत्या वेळी करतं आणि तोंडाला काही बांधतं का. आणि विषाणूची बाटली आणलीच, तर कृषी सहायकांना विचारून, दिवस मावळताना, गूळ घालून फवारा.

आमच्याकडे यंदाही हरभरा पेरला आहे. परवा फोनवर आजी म्हणाली, भाजी खुडायला आली, ये. आणि मागून काकांचा आवाज आला, "येताना गूळ आणू नको म्हणावं, घरात हाय."

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स